गुलफामच्या सायकलचं अपग्रेड

धारस्कर वकील जिना चढून वरच्या मजल्यावरच्या कोर्टात पोचले तेव्हा त्यांच्या प्रकरणाचा पुकारा होऊन गेला होता. ते तसेच पुढे झाले, काळा कोट सारखा केला, टेबलाला हात टेकला आणि "मे" एवढंच म्हणाले. 'मे इट प्लीज'मधला पुढचा भाग छातीतून वर येईना. न्यायाधीशांनी थोडी वाट पाहिली. धारस्करांनी पुन्हा "मे" म्हणून पाहिलं. बकरीसारखा आवाज आला.

"वकीलसाहेब, आधी श्वास घ्या," न्यायाधीश म्हणाले, "तारीख मग घ्या."

कोर्टात हसायला बंदी असते, तरी बेलिफापासून पट्टेवाल्यापर्यंत सगळे हसले. खाली आल्यावर पक्षकारानं धारस्करांना बाजूला घेतलं आणि अगदी आदरानं विचारलं, "साहेब, या वरच्या कोर्टात याले तुमाले इतला दम लागते, मंग आपली केस त्या वरच्या कोर्टात गेली त तुमी कसे जासान?" आणि त्यानं दुसरा वकील केला. तो दुसरा वकील बारीक होता. त्याच्याबद्दल चांगलं म्हणण्यासारखं तेवढंच होतं, असं धारस्करांचं मत. पण पक्षकाराला तेवढं पुरलं.

हेमचंद्र धारस्कर हे अमरावतीतले दिवाणी वकील. वय पन्नाशीच्या पलीकडे. वजनाचा आकडा त्यांनी डॉक्टरांशिवाय कोणाला सांगितलेला नव्हता, त्यामुळे आपणही तो सोडून देऊ. डॉक्टरांनी साखर, रक्तदाब आणि पोट या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "रोज चाला."

चालायला धारस्करांची तत्त्वतः हरकत नव्हती. हरकत मैदानाला होती. त्यांच्या वस्तीतले सगळे लोक एकाच मैदानावर, एकाच दिशेनं गोल फिरतात, आणि त्यांत वकिलाचे पक्षकारही असतात. ज्याला कालच 'साहेब बाहेरगावी आहेत' असं कळवलेलं असतं, तोच नेमका मागून येऊन खांद्याला खांदा लावतो. शिवाय चालणं हा काही व्यायाम नव्हे. ती एका जागेहून दुसरीकडे जायची पद्धत आहे. माणसाला शोभेल असं काहीतरी पाहिजे, असं त्यांनी बायकोला, अनुपमाबाईंना, सांगितलं.

"तुम्हाला घाम शोभत नाही, एवढंच म्हणा ना," त्या म्हणाल्या.

ते शोभणारं काहीतरी त्यांना अकोल्यात सापडलं. अकोल्याच्या कोर्टात तारीख होती, ती पुढे ढकलली गेली, आणि हातात अख्खी दुपार उरली. धारस्कर मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात मोईजकडे गेले. मोईज हा कॉलेजातला मित्र. नळ, बिजागऱ्या, कड्याकुलुपांचं त्याचं दुकान, आणि वर घर. वरच्या बैठकीत मोईजचे वडील, वाहेदचाचा, खिडकीशी बसलेले होते. आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीतल्या दोन खुंट्यांवर, एक सायकल होती.

साधी नव्हे. शर्यतीची. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटाएवढ्या जाडीची चाकं, चामड्याची निमुळती सीट, आणि जांभळाच्या रसासारखा रंग, त्यावर सोनेरी रेघ. धारस्कर पाहतच राहिले. आपण त्या सायकलीवर वाकून बसलो आहोत, मागे कोर्टाची इमारत लहान लहान होत चालली आहे, आणि तो बारीक वकील धापा टाकत मागे राहिला आहे, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"चालते का चाचा ही अजून?"

"चालवली त चालते," वाहेदचाचा म्हणाले. "गुलफामची हाय. माह्या धाकल्या भावाची. अकोल्याहून अमरावती, अमरावतीहून परतवाडा, कुठी कुठी गेला या सायकलवर. चिखलदऱ्याचा घाट चढला गड्या, आन् वर जाऊन म्हणे, संपला का एवढ्यातच?" चाचा हसले. मग म्हणाले, "तापानं गेला. जवान होता."

धारस्करांनी आपली डॉक्टरी हकीकत सांगितली. कोर्टातलं 'मे' मात्र गाळलं. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घेऊन जा."

"अब्बा!" मोईज चमकला. "चाचूची सायकल?"

"मंग? भिंतीले व्यायाम पाहिजे का?" चाचा धारस्करांकडे वळले. "फक्त चालवजो बेटा. तो टांगून ठेवायचा माणूस नव्हता."

धारस्कर चाचांच्या पाया पडले आणि उठताना त्यांना टीपॉयचा आधार घ्यावा लागला.

आता ही सायकल अमरावतीला कशी न्यायची? बसचा कंडक्टर म्हणाला, आत घेता येत नाही, ती प्रवासी नाही. वर टाकता येत नाही, वर कॅरिअर नाही. धारस्करांनी 'सामान' या शब्दाच्या व्याख्येवर युक्तिवाद सुरू केला. बसमधल्या लोकांनी "वकीलसाहेब, भांडा तुमी, पण बस चालू होऊ द्या," असं सुचवलं. शेवटी दोन्ही चाकं काढून सगळं मागच्या डिक्कीत गेलं. चाकं काढायला मोईजनं मदत केली. ती परत बसवायची कशी, हे विचारायचं राहिलं.

म्हणून संध्याकाळी अमरावतीत, ऐन वर्दळीच्या वेळी, खांद्यावर सांगाडा आणि दोन्ही हातांत एकेक चाक घेऊन धारस्कर आपल्या अपार्टमेंटच्या फाटकातून आत शिरले. फाटकात महादेवराव उभे होते. महादेवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि अपार्टमेंटचे सेक्रेटरी. त्यांनी धारस्करांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काहून वकीलसाहेब, चोरीच्या केसचा मुद्देमाल घरी आणता का आता?"

दुसऱ्या दिवशी चौकातल्या पंक्चरवाल्यानं चाकं बसवून दिली, आणि त्याच महादेवरावांनी सायकल कुठे ठेवायची हा प्रश्न काढला. अपार्टमेंटच्या नियमांत इंजिनाच्या दुचाकीला जागा आहे आणि लहान मुलांच्या सायकलींना जागा आहे. मोठ्या माणसाच्या सायकलीचा उल्लेखच नाही. धारस्करांनी सभेत उभं राहून सांगितलं की कायद्यात जे निषिद्ध नाही ते मुक्त आहे. महादेवराव म्हणाले, "बरोबर हाय, पण पाण्याच्या टाकीपाशी मुक्त आहे." मतदान झालं. जिंदगीभर मालमत्तेचे दावे लढलेल्या वकिलाची सायकल दोन तीनचाकी सायकली आणि एका लाकडी घोड्याच्या मधोमध साखळीनं बांधली गेली.

तिथे ती उभी असायची, म्हणून येणारा जाणारा तिच्याकडे पाहायचा. आणि पाहिलं की सल्ला द्यायचा. तळमजल्यावरच्या सीमाताई म्हणाल्या, एवढी बारीक चाकं, भाऊजी, तुमच्या... म्हणजे एकूण रस्त्यांच्या मानानं. महादेवराव म्हणाले, जुनं लोखंड आहे, कधी मोडेल नेम नाही. धारस्करांनी ठरवलं, फक्त टायर बदलायचे. बाकी कशाला हात लावायचा नाही.

इथून पुढची गोष्ट सांगताना सांगणाऱ्यालाही जरा खाली पाहावंसं वाटतं.

नितेश नावाच्या तरुणाचं नव्या सायकलींचं चकचकीत दुकान होतं. काचेचा दरवाजा, आत थंड हवा. नितेशनं सायकल पाहिली आणि पहिलं वाक्य बोलला, "सर, व्हिंटेज! अपग्रेड करून टाकू ना." धारस्करांना आयुष्यात प्रथमच आपण दुरुस्ती नव्हे तर अपग्रेड करत आहोत, असं वाटलं. दोन्हींत फरक काय, असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण दुसऱ्या शब्दानं छाती थोडी पुढे येते, हे खरं.

नवे जाड टायर आले. ते जुन्या रिमवर बसेनात. नव्या रिम घेतल्या. नव्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, रुंद; तो चौकटीच्या मागच्या चिमट्यात जाईना; चिमटा ताणून फाकवला. चाक बसलं, तर जुने ब्रेक रिमपर्यंत पोचेनात. ब्रेक बदलले. नव्या ब्रेकचे खटके जुन्या वळणदार हँडलवर लागेनात. आणि त्या हँडलवर वाकलं की धारस्करांचं पोट मांड्यांवर यायचं आणि श्वास कोंडायचा, तेव्हा हँडलही सरळ घेतलं. चामड्याची सीट टणक लागली. तिच्या जागी जेलची, उशीएवढी गादी आली. मग गिअर, मग चेन. शेवटी एवढं नवं सामान त्या जुनाट जांभळ्या रंगावर विजोड दिसायला लागलं. महादेवराव म्हणाले, हायवेवर ट्रकवाल्याला दिसलं पाहिजे. म्हणून धारस्करांनी सायकल पोपटी रंगवून घेतली. नुसती पोपटी नाही. अंधारात चमकणारी पोपटी.

"सर, जुनं सामान काय करू?" नितेशनं विचारलं होतं. कोपऱ्यात ढीग पडला होता: शिंगांसारखं हँडल, चामड्याची सीट, बारीक चाकं, पितळी घंटी.

धारस्करांचं लक्ष नव्या गिअरकडे होतं. ते मागे न पाहताच म्हणाले, "भंगारात देऊन टाक रे."

सायकल घरी आली तेव्हा अनुपमाबाई खाली पाहायला आल्या. त्यांनी एक फेरी मारली.

"अहो, पण यातलं गुलफामभाईंचं काय राहिलं?"

"चौकट," धारस्कर म्हणाले. "मूळ चौकट आहे तशी आहे."

"तिला तर रंग दिलात."

यावर धारस्कर वर गेले आणि नवे कपडे घालून आले. सायकल चालवायचे कपडेही नितेशनंच दिले होते. ते अंगाला इतके घट्ट होते की अनुपमाबाईंनी जिन्यात कोणी नाही ना, हे आधी वाकून पाहिलं. "जा आता लवकर," त्या म्हणाल्या. दूधवाला तेवढ्यात फाटकातून आत आला होता. त्यानं दुधाचं माप हातात तसंच धरून धारस्करांना पाहिलं आणि नंतर बरेच दिवस तो त्यांच्याशी नजर चुकवून बोलायचा.

पहिले काही दिवस चांगले गेले. म्हणजे कुत्री मागे लागली, पण चावली नाहीत. दम लागायचा, पण पहिल्यासारखा नाही. खरं तर धारस्करांना गंमत वाटायला लागली होती. सकाळचा गार वारा कानात शिरायचा, पाय आपोआप फिरायचे, आणि चौक मागे पडायचे. मग त्यांनी आणखी एक अपग्रेड केलं: बुटासकट पाय अडकून बसतो असे पेडल.

पंचवटी चौकात सिग्नल लागला. धारस्कर थांबले. सायकल थांबली. पाय मात्र पेडलमध्ये राहिले. तिथून पुढे जे झालं ते सावकाश झालं, आणि हाच त्यातला वाईट भाग होता. ते एका बाजूला कलले, मग आणखी कलले, एखादं झाड पडताना लोक बाजूला सरून पाहत उभे राहतात तसे आजूबाजूचे स्कूटरवाले थोडे सरकले. आणि धारस्कर, दोन्ही हात हँडलवर, दोन्ही पाय पेडलवर, बसल्या बैठकीनंच रस्त्यावर आडवे झाले. सिग्नल हिरवा झाला. कोणी पुढे गेलं नाही. "उचला उचला" झालं. उचलणाऱ्यांत एक ओळखीचा आवाज होता.

"साहेब, तुमी?" तो जुना पक्षकारच होता. त्यानं धारस्करांचे घट्ट कपडे पाहिले, पोपटी सायकल पाहिली. "बाप्पा बाप्पा! काय दिवस आले तुमच्यावर!"

इतकं झाल्यावर एखादा शहाणा माणूस गप्प घरी बसला असता. पण अपमान झालेला वकील घरी बसत नाही, तो अपील करतो. त्याच दिवशी धारस्करांनी अपार्टमेंटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर केलं: येत्या रविवारी अमरावती ते गुरुकुंज मोझरी, सायकलनं, एकट्यानं.

त्यांना वाटलं होतं चार अंगठे येतील आणि विषय संपेल. पण महादेवरावांनी विषय हातात घेतला. ते निवृत्त झाल्यापासून हातात घेण्यासारखं काही शोधतच होते. मोझरीला आपण सगळे गाड्या घेऊन आधी जाऊ, तिथे वकीलसाहेबांचं स्वागत करू, सत्कार करू, भोजन करू. बातमी बार रूममध्ये गेली. तो बारीक वकीलही येतो म्हणाला. आणि मग मोईजचा फोन आला.

"हेमू, अब्बा येऊन राहिले!"

"कुठे?"

"मोझरीले. मी गाडी काढतो. सकाळपासून खुश आहेत. म्हणे, गुलफामची सायकल पुन्हा रस्त्यावर पाहीन. अरे, कितीक वर्षांनी घराबाहेर निघायचं नाव काढलं त्यायनं."

धारस्करांनी फोन ठेवला आणि टाकीपाशी गेले. लाकडी घोड्याशेजारी ती पोपटी वस्तू उभी होती. आता पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे वाहेदचाचांच्या डोळ्यांनी पाहिलं.

ते तसेच नितेशकडे गेले. भंगारवाला सामान घेऊन गेला होता. ते भंगारवाल्याकडे गेले. भंगारवाल्यानं त्यांना लोखंडाच्या डोंगरापाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाला, माल तर पुढे गेला साहेब, पण पाहा यात काही दिसते का. धारस्करांनी कोट काढून त्या ढिगात शोधलं. तवे होते, पंख्याची पाती होती, कुणाचा तरी पाळणा होता. सायकलचं काही नव्हतं. त्यांनी मोईजला फोन करून सांगितलं की ऊन फार आहे, चाचांना त्रास होईल. मोईज म्हणाला, "माघ महिन्यात ऊन? आणि त्यायनं शेरवानी काढली इस्त्रीले."

रविवारी सकाळी धारस्कर निघाले. फाटकात सीमाताईंनी ओवाळलं. रहाटगाव मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग मोकळा हायवे लागला आणि समोरून वारा. हा वारा कुठून येतो हे धारस्करांना माहीत नव्हतं, पण तो थेट त्यांच्याकडेच येत होता. मेहनत करावी आणि जागच्या जागी राहावं, असा प्रकार. नांदगाव पेठ कसंबसं गाठलं. त्याच्या थोडं पुढे डाव्या पोटरीत गोळा आला. धारस्कर उतरले, म्हणजे पेडलमधून एक पाय वेळेवर निघाला आणि दुसऱ्यासकट ते बाभळीच्या सावलीत आडवे झाले. सायकलीला काहीही झालं नव्हतं. तिचं एकही चाक, एकही गिअर बिघडला नव्हता. पुढे हीच गोष्ट त्यांना फार जड गेली.

एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. देवमन त्याचं नाव. ते त्यानं स्वतःच सांगितलं, कारण तो बोलका होता.

"काका, काहून पडून राहिले? मी तिवस्याकडे चाललो. मोझरीले सोडतो."

"नको नको," धारस्कर म्हणाले. त्यांना हे दोनदा म्हणायचं होतं, पण दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत देवमननं सायकल मागे टाकली होती.

मागे बकऱ्या होत्या. धारस्कर त्यांच्यात उभे राहिले. पुढे देवमनशेजारी बसायला जागा होती, पण तिथे बसलं तर रस्त्यावरून कोणीही पाहील, असा त्यांचा विचार. बकऱ्यांमध्ये वाकून बसलं की बाहेरून काही दिसत नाही. एका बकरीनं त्यांच्या डोक्यावरच्या हेल्मेटचा पट्टा चघळायला घेतला. दुसरीनं त्यांच्या तोंडाजवळ तोंड आणून "मेऽऽ" केलं. धारस्करांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मोझरीच्या अलीकडे त्यांनी टेम्पो थांबवला. देवमननं सायकल उतरवून दिली, पैसे घ्यायला नाही म्हणाला, आणि "जय गुरू" म्हणून निघून गेला. त्याला यात लपवण्यासारखं काही दिसलं नव्हतं. धारस्करांनी अंगावरचा पाला झटकला, बाटलीतलं पाणी चेहऱ्यावर मारलं, म्हणजे ते घामासारखं दिसेल; आणि राहिलेला थोडासा रस्ता पाय मारत गेले.

गुरुकुंज आश्रमाच्या रस्त्यालगत, एका हॉटेलाच्या मोकळ्या जागेत, मंडळी उभी होती. टाळ्या झाल्या. महादेवरावांनी हार घातला. बारीक वकील मोबाईलवर चित्रण करत होता. अनुपमाबाई हसत होत्या, आणि त्या खरंच आनंदात होत्या, हे पाहून धारस्करांना कसंतरी झालं. शेरवानी घातलेले वाहेदचाचा मोईजचा हात धरून पुढे आले. त्यांनी धारस्करांना मिठी मारली. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"सायकल कुठी हाय बेटा?"

धारस्करांनी हातातल्या सायकलीकडे पाहिलं.

"ही कोनाची? गुलफामची कुठी हाय?"

"हीच आहे चाचा."

चाचांना वाटलं गंमत चालली आहे. ते हसले, मग थांबले. त्यांनी सायकलीच्या भोवती एक फेरी घातली. हँडलकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं. मग खाली बसले आणि चौकटीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. पोपटी रंगाखाली सांध्याची नक्षी होती; ती अंगठ्याला लागली असावी.

"हो," ते हळूच म्हणाले. "हीच हाय."

मोईजनं धारस्करांकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा चौकात पडणं बरं होतं. पण त्याच वेळी महादेवरावांचं भाषण सुरू झालं, आणि महादेवराव सुरू झाले की दुसऱ्या कोणाला काही करता येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या या तरुणानं, समोरून वारा असताना, कुठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता आज आपल्यापुढे आदर्श ठेवला, असं ते म्हणाले. 'कोणाचीही मदत न घेता' हे त्यांनी दोनदा म्हटलं, कारण ते त्यांना आवडलं.

चाचा ऐकत होते. त्यांनी धारस्करांचा हात हातात घेतला.

"रंग गेला त गेला," ते म्हणाले. "सामान गेलं त गेलं. चालली ना पन? घरून इथवर गुलफामची सायकल चालली. बस. मले तेवढंच पाहिजे होतं."

धारस्कर गेली कित्येक वर्षं प्रत्येक पक्षकाराला एकच गोष्ट सांगत आले होते: विचारल्याशिवाय बोलू नका. इथे कोणी काही विचारलेलं नव्हतं. साक्षीदार टेम्पो घेऊन तिवस्याकडे गेला होता. म्हाताऱ्याचं समाधान झालं होतं, गळ्यात हार होता, आत पुऱ्या तळल्या जात होत्या. गप्प राहिले असते तर खटला तिथेच निकाली निघाला असता.

"चाचा, नाही चालली," ते म्हणाले.

"आँ?"

"नांदगाव पेठेच्या पुढे नाही चालली. मी टेम्पोत आलो. सायकल चांगली होती चाचा. माझ्याच्यानं नाही झालं."

महादेवरावांचं भाषण एका शब्दावर लटकलं. "कशात आले?"

"टेम्पोत." आता अर्धं सांगण्यात अर्थ नव्हता. "बकऱ्यांच्या."

मागून कोणाचं तरी हसू फुटलं, आणि मग सगळेच हसले. सीमाताईंनी पदर तोंडाला लावला. बारीक वकिलानं मोबाईल खाली केला नाही. फक्त अनुपमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन धारस्करांच्या पाठीवरून एक लेंडी काढून टाकली. धारस्करांचे कान तापले. अंगावर ते घट्ट कपडे, गळ्यात हार, आणि पळून जायला जवळ होती ती हीच सायकल.

चाचांनी त्यांचा हात सोडला होता.

"परत कसा जाशील?" त्यांनी विचारलं.

मोईजच्या गाडीला वर कॅरिअर होतं. ते सगळ्यांना दिसत होतं.

"हिच्यावरच," धारस्कर म्हणाले. हार त्यांनी काढला आणि कुठे ठेवावा हे न कळून महादेवरावांच्या हातात दिला.

परतताना तोच वारा पाठीशी होता, तरी ऊन चढलं होतं आणि पोटरी दुखत होती. सत्काराच्या गाड्या भोजन करून, हॉर्न वाजवत, एकेक करून पुढे निघून गेल्या. मोईजची गाडी मात्र मागे मागे, सायकलच्याच वेगानं येत राहिली. चाचांनी खिडकीची काच खाली केली होती.

"कोपर आत घे! कोंबडीवानी काहून फाकवले?" चाचा आतून ओरडायचे. "मान खाली! वर का पाहतं, विमान येऊन राहिलं का?"

धारस्करांनी कोपर आत घेतलं, मान खाली घातली. मान खाली घालायला त्यांना काही कष्ट पडले नाहीत.

नांदगाव पेठेच्या पुलावर त्यांना उतरावं लागलं. ते सायकल हातात धरून चढ चढायला लागले. गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. शेरवानी सावरत चाचा मागून आले आणि त्यांनी सीटला हात लावून ढकलायला सुरुवात केली.

"चाचा, नका हो. मी नेतो."

"चाल तू." थोडं पुढे गेल्यावर चाचांनी सीट दाबून पाहिली. "हे काय बसवलं बे? याच्यावर बसाचं असते का निजाचं?"

"चुकलं चाचा."

"चुकलं त खरंच," चाचा म्हणाले. त्यापेक्षा जास्त ते काही बोलले नाहीत, आणि धारस्करांना वाटत होतं की बोलले असते तर बरं झालं असतं. चढ संपल्यावर चाचा गाडीत बसले आणि पुन्हा ओरडायला लागले.

अपार्टमेंटच्या फाटकात कोणी नव्हतं. सगळे जेवून झोपले होते. धारस्करांनी पेडलमधून आधी एक पाय सोडवला, मग दुसरा, आणि जमिनीवर टेकले. कोणीही टाळी वाजवली नाही. मोईज गाडी लावून आला. त्याचा राग अजून गेला नव्हता, पण त्यानं सायकल त्यांच्या हातातून घेतली आणि टाकीपाशी नेऊन साखळीनं बांधली.

वर अनुपमाबाईंनी चहा टाकला. वाहेदचाचा सोफ्यावर बसले, मोईज खुर्चीवर बसला. समोर धारस्करांची नेहमीची आरामखुर्ची रिकामी होती. धारस्कर तिच्याशेजारी उभे राहिले. एवढ्या मऊ गादीवरून येऊनही त्यांना बसणं शक्य नव्हतं; पण ते एकच कारण नव्हतं.

"बस ना बेटा," चाचा म्हणाले. "तुहंच घर हाय."

"नाही चाचा. उभाच बरा आहे मी."

चाचांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. घामानं चिकटलेले ते कपडे, सोललेलं कोपर, पिंजऱ्यातल्या आरोपीसारखे पुढे बांधलेले हात.

"राहा मंग उभा," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.